खांद्यावरची खूण

मायकेन गळपट्टा विसरून गेली. तो खुंटीवर लोंबत होता आणि लीव्हनला तो दिसला नाही, हाताला लागला. हल्ली त्याला गोष्टी दिसत नसत, लागत. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत दाटला तेव्हापासून घरातल्या वस्तू एकेक करून नजरेतून उठल्या आणि बोटांत येऊन बसल्या. खुर्चीची पाठ, मगाचा कान, दाराची कडी. गळपट्ट्याला मायकेनचा वास होता, धुराचा आणि कांद्याचा. बाहेर स्खेल्डे नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली होती. अँटवर्पमधल्या म्हाताऱ्या लोकांनासुद्धा १५६५ च्या जानेवारीसारखी थंडी आठवत नव्हती, आणि ही बया उघड्या गळ्याने पाव आणायला गेलेली. रात्रभर खोकत होती. दोन कोरडे ठसके, मग जरा थांबून तिसरा. चाळीस वर्षं तिचा खोकला असाच. ऑक्टोबरात छापखान्याने त्याला निरोप दिला, दोन पिंप बिअर आणि पाठीवर थाप देऊन, तेव्हापासून तीच हिंडत होती. तिचा चुलतभाऊ गिलिस भट्टी चालवायचा. त्याच्याकडे कणीक मळायला जाते, तो रोज एक पाव देतो, असं ती सांगायची. पाव घरी आला की त्यातला मोठा तुकडा लीव्हनच्या ताटात पडायचा आणि ती म्हणायची, मी भट्टीवरच खाऊन आले. त्याने ते खरं मानलं होतं. भुकेल्या माणसाला खरं मानायला वेळ लागत नाही.

गिलिसची भट्टी तीन गल्ल्या पलीकडे. भिंतीला हात लावत, बर्फावर पाय चाचपत तो पोचला तेव्हा भट्टीची ऊब तोंडावर आली आणि क्षणभर त्याला रडू येईल असं वाटलं. "अहो दाजी! तुम्ही? या, या, आत या, उंबऱ्याला ठेचकाळाल," गिलिस ओरडला. लीव्हनने गळपट्टा पुढे केला. "मायकेनला दे. विसरली."  कणीक आपटणारा गिलिसचा हात थांबला. मग तो हळूच म्हणाला, "दाजी, ताई नाताळापासून इकडे आलेलीच नाही. मीच चार माणसं कमी केली. पीठ कुठाय या साली? मला वाटलं तुमचं काही बरं चाललं असेल." लीव्हन "हो हो, बरं चाललंय" असं म्हणाला. का म्हणाला कुणास ठाऊक. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःची चूक पटकन झाकता येते, तसंच काहीसं. गिलिसने त्याच्या हातात काहीतरी कोंबायचा प्रयत्न केला, पावाचा कडेचा भाग असावा, पण तोवर हा बाहेर पडलेला.

मग कुठे जायची ती? परत फिरताना सेंट याकोबच्या चर्चपाशी त्याला आधी आवाज ऐकू आला, पुष्कळ लोक एकाच जागी पाय आपटत उभे असतात तसा. धर्मखात्याची रांग. नगरपालिकेने नेमलेले दानाधिकारी इथे रोज सकाळी गरिबांना पाव वाटत. लीव्हन इकडून कधी जायचा नाही. लांबचा वळसा पडला तरी चालेल, पण इकडून नाही. मायकेनला वाटायचं, नवऱ्याची ऐट. शेजारची बार्बेल तोंडावर म्हणायची, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा." त्याने दोघींना तसंच समजू दिलं होतं. आज मात्र तो खांबाआड उभा राहिला, आणि त्याच्या दुधाळलेल्या नजरेत धूसर राखाडी गर्दी आली, आणि त्या राखाडीत, माणसामाणसागणिक, डाव्या खांद्याच्या उंचीवर एकेक लाल ठिपका. तोंडं नव्हतीच. लाल कापडाचे तुकडे तेवढे ओळीने हलत पुढे जात होते. नियमच तसा होता: ज्याला शहराचा पाव हवा त्याने शहराचा लाल तुकडा डाव्या खांद्यावर शिवायचा, म्हणजे कोण आपला गरीब आणि कोण उपरा हे लांबूनच कळतं. आणि मग त्या ठिपक्यांमधून तो खोकला आला. दोन कोरडे ठसके. थांबून तिसरा.

 लीव्हन खांबाला टेकला, गळपट्टा छातीशी धरून. "खांदा इकडे. नीट दाखव," वाटणाऱ्याचा आवाज. "तू होय! तुकडे दोन नेलेस आणि माणूस रोज एकच? नवरा कुठाय?" आणि मायकेनचा आवाज, घरातल्यापेक्षा बारीक, "येईल, साहेब. त्याला बरं नाही." "महिनाभर बरं नाही त्याला. अगं, ज्याचा तुकडा त्यानेच यायचं. मेलाबिला तर कळव, नाव कापतो." दोघंचौघं हसली. तेवढ्यात दुसरा आवाज आला, तरुण, शिकलेला, लॅटिनच्या शाळेतून घासून आलेला. "असं बोलू नका हो तिला. हे बघ आजी, हे आम्ही मनचं करत नाही. गॉस्विन मास्तर म्हणून फार मोठे पंडित होऊन गेले. गरिबांना पोसणं हे शहराचं काम, मठांच्या मर्जीवर सोडायचं नाही, हे युरोपात पहिल्यांदा त्यांनी लिहिलं. सम्राटाच्या मंत्र्यापासून क्राकोच्या कोतवालापर्यंत सगळ्यांनी ते पुस्तक उशाशी ठेवलं. आणि त्यातच लिहिलंय, खांद्यावर खूण असावी म्हणून. लाज कसली त्यात?"  मग मायकेन म्हणाली, आणि आता तिचा आवाज घरातला होता, खणखणीत, "गॉस्विन मास्तर ना? तो आमच्याकडे जेवायचा. वाटाण्याचं सूप ओरपायचा आणि दाढीला लावून घ्यायचा. पुलावरच्या भिकाऱ्यांची नावं तोंडपाठ होती त्याला, त्यांच्या पोरांचीसुद्धा. तो असलं लिहील? दुसऱ्या कुणा मेल्याने लिहिलं असेल." आता सगळी रांग हसली. तो तरुणही हसला, चांगल्या मनाने. म्हातारीला त्याने पाव दिला.

दुसऱ्या कुणा मेल्याने. लीव्हनला ते शब्द मुद्रितावरच्या खुणेसारखे जागच्या जागी दिसले, बाकी काही दिसत नसताना. चाळीस वर्षांपूर्वी, त्या वर्षीही नदी गोठली होती. फेब्रुवारी होता, फ्रँकफुर्टच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या अंगणात उभ्या होत्या, आणि पुस्तकं भरायची पिंपं तोंड उघडून वाट बघत होती. लीव्हन तेवीस वर्षांचा, हेरमानच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला नुकता लागलेला. काम म्हणजे दिवसभर ओले कागद डोळ्यांपुढे धरायचे, अक्षरांचे खिळे लावणाऱ्या जुळाऱ्याने उलटा लावलेला खिळा हेरायचा, आणि शिवाय समासातल्या टिपा लिहायच्या. लेखक पान लिहितो, पानात काय आहे ते बाजूच्या अरुंद पट्टीत चार शब्दांत लिहायचं काम मुद्रितं तपासणाऱ्याचं. सगळ्या छापखान्यांत तशीच रीत. हेरमान म्हणायचा, "पोरा, टिपा नीट घाल. मोठी माणसं पुस्तक वाचत नाहीत, समास वाचतात." गॉस्विन मास्तर त्या आठवड्यात लूव्हेनला संधिवाताने अंथरुणाला खिळलेले. आठवा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायची पानं, आला तेव्हा उजेड उतरत होता. पानाच्या तळाशी मास्तरांचं वाक्य होतं: मेंढपाळ आपलं मेंढरू खांद्यावरच्या खुणेवरून ओळखतो, तसंच शहराने आपल्या गरिबांना ओळखावं. तिथे पान संपलं, फर्माही संपला. पुढचा फर्मा जुळवायचा होता, मूळ हस्तलिखित जुळाऱ्याच्या लाकडी घोडीवर पडलं होतं, उठून चार पावलं जाऊन बघता आलं असतं. पण अंगणाच्या फाटकाशी मायकेन उभी होती, हातात बर्फावर घसरायच्या बुटांचे दोन जोड, नाक लाल झालेलं, आणि काचेतून जीभ काढून त्याला वेडावत होती. त्याने लेखणी बुडवली. गरिबांच्या खांद्यावर खूण असावी. लॅटिनमध्ये ते आणखी छोटं होतं, पट्टीत अगदी सुबक बसलं. त्याला वाटलं, काय झकास बसलंय! फर्मा यंत्रावर गेला आणि तो नदीवर.

दुसऱ्या दिवशी नववा फर्मा आला. पहिलीच ओळ: असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण ती ओळख खाटकाची. खरा मेंढपाळ तोंड पाहून ओळखतो. नगरातल्या कारभाऱ्यांनी दारोदार जावं, उंबऱ्यावर बसावं, तोंडं पाहावीत, नावं विचारावीत, आणि ज्याने हात पसरला नाही त्याच्याही डोळ्यांत बघावं. हे वाचून लीव्हन उठून यंत्राकडे धावला. पण आठव्या फर्म्याच्या हजार प्रती वाळत पडल्या होत्या, खिळे सोडवून पेटीच्या घरांत परत टाकलेले. एक वाट होती. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असतं, तेही त्यानेच लिहायचं होतं. त्याने अकरा चुका लिहिल्या. कुठे अक्षर उलटं, कुठे आकडा चुकलेला, सगळ्या जुळाऱ्यांच्या. बारावी त्याची स्वतःची होती, आणि लिहिली तर हेरमानने त्याच संध्याकाळी त्याला हाकललं असतं. ईस्टरनंतर लग्न ठरलेलं. बाजूची तर टीप, त्याने मनाशी म्हटलं, शहाणा माणूस पान वाचेलच की. त्याने शुद्धिपत्राखाली रेघ मारली.

शहाण्या माणसांनी पान वाचलं नाही. पुढच्या वर्षी तेच पुस्तक लिऑनला छापलं गेलं, मग कोलोनला, मग स्ट्रासबुर्गला, कुणी कुणाला विचारलं नाही, आणि टिपाही जशाच्या तशा उतरवल्या. चोराला माल पारखायला वेळ कुठला? सहा वर्षांत चौदा शहरांनी कायदे केले. कुठे लाल तुकडा, कुठे पिवळा, कुठे पितळेचा. नगराध्यक्षांनी मास्तरांना आभाराची पत्रं लिहिली, एका सरदाराने तर रुप्याचा पेला पाठवला. खोटं कशाला बोला, चांगलंही झालं. त्याच पुस्तकामुळे अनाथ पोरांच्या शाळा निघाल्या, त्याच पुस्तकामुळे दुष्काळात कोठारांची कुलपं उघडली, मठाच्या दाराशी मरून पडणारी माणसं कमी झाली. लीव्हन ते सगळं मोजून स्वतःला समजवायचा. मास्तरांनी शहरांना पत्रं धाडली की माझं म्हणणं असं नव्हतं. उत्तरं आली: आपल्या विनयाचं कौतुक वाटतं. मग ते बाझेलला गेले आणि तिथून एक शेवटचं पत्र लीव्हनला आलं. त्यात हवामान होतं, गुडघे होते, मायकेनच्या सुपाची आठवण होती, आणि सर्वांत खाली: "लीव्हन, माझं पुस्तक कुणी वाचलं नाही. समास मात्र सगळ्यांनी वाचला. टीप कोणाची, हे मी विचारत नाही." त्याने सात वेळा उत्तर लिहायला घेतलं. आठव्यांदा बसला तेव्हा मास्तर गेल्याची बातमी आली. त्या दिवशी मायकेन हुंदके देऊन रडली आणि हा कोरडा बसून राहिला, आणि ती म्हणाली, "कसलं काळीज आहे तुझं, दगडाचं!" तेही त्याने तसंच समजू दिलं.

रांग सुटली. लाल ठिपके पांगायला लागले आणि त्यातला एक खोकत खोकत कालव्याच्या पुलाकडे निघाला. हाक मारावी, गळपट्टा द्यावा, एवढंच तर करायचं होतं.  पण तो नुसता मागून चालत राहिला, ठिपक्यावर नजर ठेवून. बायकोच्या मागे जायला त्याला आज तिच्या खांद्यावरच्या खुणेचाच आधार होता, आणि हे ध्यानात आल्यावर तो मटकन एका पायरीवर बसला. पुलाच्या कठड्याशी ती थांबली. कात्रीचा कट कट असा बारीक आवाज आला. ठिपका मावळला. म्हणजे रोज सकाळी ती धावदोरा घालून तो शिवत होती आणि रोज इथे उसवत होती, त्याच्यासाठी, त्याला न दिसणाऱ्या खांद्यावर. आता पुढे नुसतीच राखाडी उरली. ती गेली की उभी आहे हेही त्याला कळेना.

तो घरी पोचला तेव्हा ती पीटच्या, दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, शेवटच्या दोन वड्या चुलीत लावत होती. "कुठे गेला होतास तडमडायला? पडला असतास म्हणजे!" मग लगेच नेहमीच्या सुरात, "गिलिसने आज जरा बरा पाव दिलाय. बस, वाढते. मी तिथेच खाल्लं." लीव्हनने गळपट्टा टेबलावर ठेवला. "हा द्यायला मी गिलिसकडे गेलो होतो."

चुलीत फुंकर मारायचं थांबलं.  मग मायकेन भडकली, पकडलेला माणूस भडकतो तशी. "मग काय करू? सांग ना! छापखान्याच्या पंडिताला दान चालत नाही, आणि पंडिताला पोट आहे हे कुणी सांगायचं त्याला? बार्बेलने साक्ष दिली, मी नाव घातलं. दोघांचं घातलं. तुझा लाल तुकडा अंथरुणाखाली आहे, एक महिना झाला त्याच्यावरच झोपतोयस. तू रांगेत आला असतास तर दोन पाव मिळाले असते, एक नाही. पण मी म्हटलं, नको. त्याची मान नको खाली. माझी गेली तर गेली." तिला खोकला आला आणि बोलणं तुटलं. तो थांबेपर्यंत लीव्हन उभाच होता.

"मास्तरांनी ते लिहिलं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"खांद्याचं. खुणेचं."

"ते काय मला सांगतोस? रांगेतल्या त्या मखमली टोपीवाल्या पोराला तोंडावर सांगून आले मी." तिने नाक शिंकरलं. आणि मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे तू तिथे होतास?"

"मी लिहिलं ते," लीव्हन म्हणाला. "तो दुसरा कुणी मेला म्हणालीस ना, तो मी."

त्याने सगळं सांगितलं. चाळीस वर्षं मनात जुळवून ठेवलेलं होतं, तरी बाहेर येताना खिळ्यांचं घर उलटावं तसं वाट्टेल तसं सांडलं. आठवा फर्मा, पान संपलं ते, घोडीवरचं हस्तलिखित, चार पावलं, शुद्धिपत्रातल्या अकरा चुका, बाझेलचं पत्र. मायकेनला वाचता येत नव्हतं, समास म्हणजे काय ते त्याला टेबलाच्या कडेवर बोट फिरवून दाखवावं लागलं.  बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याला फक्त भूक लागल्याचं जाणवलं, आणि त्याची लाज वाटली.

"फ्रँकफुर्टच्या गाड्या निघायच्या होत्या, तोच दिवस?" तिने विचारलं.

"तोच."

"आपण नदीवर गेलो होतो तो. मी पडले आणि तू माझ्यावर पडलास."

"हो."

तिने पावाचे दोन तुकडे केले. सुरी थोडी रेंगाळली, मग दोन्ही सारखे केले असावेत, कारण तिने एक स्वतःपुढे ओढला. "सगळ्या जन्मात तेवढा एकच दिवस तू कामावरून वेळेवर आलास," ती म्हणाली. "बार्बेलला मी शंभरदा सांगितलंय. माझ्यासाठी काम टाकून आला होता म्हणून." आणि ती चावायला लागली, सावकाश, दुखऱ्या दातांनी. त्याने तिला रडताना ऐकलं नाही, पण चावणं मधेच थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. हा पाव मास्तरांचा, त्याच्या मनात आलं, खूण तेवढी माझी. घास घशाखाली उतरत होता आणि गोडही लागत होता, हे सर्वांत वाईट.

"माझा तुकडा काढ," तो म्हणाला.

"आत्ता?"

"काढ. आणि पक्के टाके घाल. रोज उसवायचा नाही."

तिने अंथरूण उलटवलं. त्याचा जुना काळा कोट त्याच्या अंगावरच ठेवून ती मागे येऊन उभी राहिली, खिडकीकडे तोंड करून, सुईत दोरा ओवताना तिला उजेड लागायचा. कापड खांद्यावर टेकलं. हलकं होतं, काहीच वजन नव्हतं त्याला. सुई आत गेली, दोरा सरसर ओढला गेला. चारपाच टाके झाले असतील. "खांद्यावर कशाला लिहिलंस रे?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दूध उतू गेल्यावर बाईमाणूस विचारतं तसं तिने विचारलं. "कोटाच्या आतल्या बाजूला असावी, असं लिहायचं होतंस. तेवढं तरी."

 त्याने मान वळवली आणि हात वर करून तिचा चेहरा शोधला. हनुवटी लागली, मग गाल, म्हणजे जिथे गाल असायचा ती जागा. बोटं आत आत गेली आणि हाडावर टेकली. डोळ्यांखाली दोन खळगे होते, त्यात त्याच्या अंगठ्याची पेरं मावली, आणि ती ओली झाली. हा चेहरा त्याला पाठ होता असं तो आजवर धरून चालला होता. महिनाभर समोर बसून पावाचा मोठा तुकडा खाल्ला, आणि एकदाही हात पुढे केला नाही.

"तू केव्हा गं एवढी वाळलीस?" त्याने विचारलं.

"हलू नकोस," मायकेन म्हणाली. "सुई लागेल."